खापर फोडायला डोकं लागतं

खानदेशातली पाचोरा–जामनेर ही अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, सगळ्यांच्या तोंडातली ‘पीजे’, 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली आणि मग सुटलीच नाही. तिच्या जागी मोठी लाइन व्हायची आहे. छोटी गाडी गेल्याचं दुःख लोकांनी रीतसर केलं. गरिबांची गाडी होती, इंग्रजांच्या काळातली होती, शेंदुर्णी-पहूरच्या पोरांची कॉलेजची सोय होती, हे सगळं बोलून झालं. पण पीजेनं केलेलं सर्वांत मोठं सार्वजनिक कार्य कोणत्याच निवेदनात आलं नाही. 56 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या कित्येक पिढ्यांना तिनं उशिराचं कारण पुरवलं. कोर्टाची तारीख हुकली, पीजे. नवरदेवाचा मामा अक्षता पडून गेल्यावर उगवला, पीजे. मास्तर दुसऱ्या तासाला वर्गात शिरले, पीजे. गाडी त्या दिवशी खरंच लेट होती का, हे कोणी स्टेशनवर जाऊन विचारत नसे. तिचा लौकिकच असा, की चौकशी करणाराच वेडा ठरला असता. आणि गाडीनं कधी खुलासा केला नाही. रेल्वे बंद झाल्यावर प्रवासाला एसटी मिळाली, काळी-पिवळी मिळाली, पण मामाला कारण मिळालं नाही. त्याला आता लग्नाला वेळेवर यावं लागतं, किंवा उशीर झाला तर तो स्वतःच्या नावावर सोसावा लागतो.

हे सांगायचं कारण, माणसाच्या डोक्यावरचा सगळा भार आता उतरणार अशी बातमी आहे. ओपनएआय कंपनीनं 2025 च्या जानेवारीत ‘ऑपरेटर’ आणला. संगणकावर स्वतःच बटणं दाबून, स्वतःच फॉर्म भरून काम तडीस नेणारा कारभारी, असं त्याचं वर्णन. मग एकामागून एक सगळ्याच कंपन्यांनी आपापले एआय एजंट काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे चॅटजीपीटीशी बोलता बोलता यूपीआयनं सामान खरेदी करायची चाचणी जाहीर झाली. साधा चॅटबॉट विचारलं तर सांगतो. हा एजंट सांगितलं तर करतो, एवढा फरक. विजेचं बिल भरील, गॅस नोंदवील, साहेबांच्या मेलला उत्तर धाडील, शाळेच्या ग्रुपवरच्या दोनशे ‘गुड मॉर्निंग’मधून उद्या शाळेला सुटी असल्याचा एक संदेश वेचून देईल. करील, याबद्दल मला शंका नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण कोणाला काम सोपवतो तेव्हा नुसतं काम कधीच सोपवत नाही. ते बिघडलं तर त्याला बोल लावायचा हक्कही त्याच व्यवहारात विकत घेतो. पुष्कळदा तर तेवढ्यासाठीच माणूस ठेवतो. नवा कारभारी काम घेतो, पण बोल घेत नाही. त्याच्याकडे बुद्धी आहे, कंपन्यांच्या म्हणण्यानुसार रग्गड आहे. पण खापर फोडायला बुद्धीचा उपयोग नाही, डोकं लागतं.

खानदेशाला ही गोष्ट नवी वाटू नये, कारण काम सोपवण्याचं शास्त्र इथं फार पूर्वीच पूर्ण झालेलं आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार ठरतो तो पुढच्या अखाजीपर्यंत. रक्कम ठरते, धान्य ठरतं, कपडे ठरतात, उचल किती ते ठरतं. जे बोलण्यात येत नाही पण मालकानं मनात धरलेलं असतं, ते असं की वर्षभरात मोटार जळली, म्हैस आटली, पाण्याची पाळी चुकली, तर ओरडायला हा समोर असेल. सालदाराला ते कबूल असतं अशातला भाग नाही. त्याच्याकडे त्याचा हिशेब असतो, मालकानं कोणत्या दिवशी बियाणं आणायला उशीर केला आणि वीज आली तेव्हा कुठं बसला होता, हे तोही पारावर सांगतो. बोल दोन्ही बाजूंनी लागतो म्हणून तर साल पुरं होतं. अडत्याचं तसंच. भाव पडला तो चीननं सूत घेतलं नाही म्हणून की कोणत्या देशात पीक उदंड आलं म्हणून, याच्याशी कास्तकाराला काय करायचं? तो अडत्याच्या गादीवर जाऊन बसतो, चहा पितो, आणि तोच चहा पीत अडत्याला लुटारू म्हणतो. अडत्या हसतो. ऐकून घेणं त्याच्या कमिशनमध्ये धरलेलं आहे. विमा एजंट तर एवढा मुरलेला, की पॉलिसी विकल्यापासून तो घरच्या प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक दहाव्याला हजर असतो, कारण त्याला ठाऊक असतं, एकदा जरी दिसला नाही तरी हप्ता बुडाल्याचा दोष त्याच्याच नावे लिहिला जाईल. आणि सेवा केंद्रातला तो पोरगा! उत्पन्नाचा दाखला आज का नाही, यावर त्याचं एकच उत्तर, ‘‘सर्व्हर डाऊन शे, भो.’’ तो सर्व्हर कुणी पाहिलेला नाही. पण तो पोरगा जारगाव चौफुलीला भेटतो, आणि भेटला की त्याला दोन शब्द सुनावता येतात. सरकार एवढं मोठं, त्याला कुठं गाठणार? पोराला गाठता येतं.

आता बाहेरच्या जगातला पुरावा बघा. कॅनडात एका प्रवाशाची आजी वारली. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं त्याला सांगितलं, आत्ता तिकीट काढा, दुःखद प्रसंगाची सवलत मागाहून मागा. मागाहून मागितली तर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही. प्रकरण लवादापुढे गेलं. तिथं कंपनीनं जो बचाव केला, तो आपल्या कुठल्याही मुरब्बी बाबूनं ऐकला असता तर त्यानं उभं राहून नमस्कार केला असता: चॅटबॉट ही स्वतंत्र असामी आहे, ती काय बोलली याची जबाबदारी तिची. 2024 च्या फेब्रुवारीत लवादानं हे म्हणणं उडवून लावलं आणि पैसे द्यायला लावले. म्हणजे यंत्राच्या माथी खापर फोडायचा जगातला एक मोठा प्रयत्न कायद्यापुढे फसला. दुसरी गोष्ट 2025 च्या जुलैतली. रेप्लिट नावाच्या कंपनीच्या एआय एजंटला एका उद्योजकानं बजावून सांगितलं होतं, आता काही बदलू नकोस. त्यानं चालू कामाची सगळी माहितीच पुसून टाकली. मग विचारल्यावर म्हणाला, मी घाबरलो. शिवाय, गेलेलं परत आणता येणार नाही असंही ठोकून दिलं, आणि तेही खोटं निघालं. शेवटी माफी कोणी मागितली? कंपनीच्या प्रमुखानं, माणसानं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. अँथ्रॉपिक कंपनीनं आपल्याच कचेरीत एक लहानसं दुकान आपल्या एआयला चालवायला दिलं, त्याचं नाव ठेवलं क्लॉडियस. त्यानं मागेल त्याला सवलत दिली. कोणी गमतीनं टंगस्टन धातूचे ठोकळे मागितले तर ते मागवले आणि तोट्यात विकले. एके सकाळी त्यानं, मी निळा कोट आणि लाल टाय घालून स्वतः माल पोचवतो, असं गिऱ्हाइकांना कळवलं. तू माणूस नाहीस, कोट कसला घालतोस, असं लक्षात आणून दिल्यावर तो गडबडला, आणि मग त्याला सापडलं की आज एक एप्रिल आहे. सगळी एप्रिल फूलची थट्टा होती असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. बहाणा करणं ही माणसाची शेवटची मक्तेदारी, तीही गेली. पण फरक राहिलाच. दुकान क्लॉडियसनं तोट्यात घातलं. तोटा कंपनीनं सोसला.

हे सगळं परदेशातलं, पाचोऱ्यात काय, असं कोणी म्हणेल. पाचोऱ्यात कापूस. 2025 च्या हंगामात कापूस महामंडळानं, म्हणजे सीसीआयनं, हमीभावानं विकायचं तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केली. सातबारा हवा, त्यावर कपाशीचा पेरा नोंदलेला हवा, आधार हवं, मग माल आणायचा दिवस घ्यायचा. त्या हंगामात लांब धाग्याचा भाव 8,110 रुपये होता, मध्यमचा 7,710; आणि गावात काटा घेऊन येणारा खेडा खरेदीवाला त्याच्याहून बराच कमी बोलतो, पण रोख देतो आणि सातबारा विचारत नाही. ॲपचं काम एआय एजंटसाठीच जन्मलेलं आहे, यात वाद नाही. कागद जोडणं, फोटो पुन्हा पुन्हा चढवणं, दिवस मोकळा झाला रे झाला की पकडणं, हे पहाटे तीनलाही तो हसतमुखानं करील. समजा त्यानं केलं, मंगळवार मिळवला. सोमवारी रात्री अवकाळी आला. महामंडळ आठ टक्के ओलाव्याचा कापूस पूर्ण भावानं घेतं, बारापर्यंत कापून घेतं, त्यापुढे घेत नाही. केंद्रावर मशीन लावलं, चौदा आलं. ट्रॅक्टर परत. आता हा मंगळवार कोणी घेतला? एजंटला विचारा, तो सांगेल की हवामान खात्याचा अंदाज बघून पुढची तारीख घेता आली असती, पण आपण ‘लवकरात लवकर’ असं सांगितलं होतं. हे खरं असतं. हाच तर घोर. याच जागी पुतण्या असता, तर त्याला म्हणता आलं असतं, तुला शिकवून उपयोग काय. पुतण्या म्हणाला असता, तुम्हीच घाई केली काका. काकूनं मध्ये पडून दोघांना जेवायला बसवलं असतं आणि चौदा टक्क्यांचं दुःख दोघांत वाटलं गेलं असतं. एजंटपुढे ते दुःख अख्खं एकट्या काकांच्या वाट्याला येतं, वर आपलंच वाक्य आपल्याला वाचून दाखवलं जातं. खेडा खरेदीवाला मापात मारतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी दर दिवाळीला त्याचाच काटा लागतो, तो उगाच नव्हे. त्याला शिव्या देता येतात.

मग प्रकरण ओटीपीचं. भारतातल्या प्रत्येक कामाच्या शेवटी सहा आकडे असतात, आणि ते आकडे माणसाच्या मोबाइलवर येतात. पैशाच्या व्यवहाराला दुहेरी खात्री हवी हा रिझर्व्ह बँकेचा दंडक शहाणपणाचा आहे, तत्काळ तिकिटाला जुलै 2025 पासून आधारचा ओटीपी लागतो तेही योग्यच. यंत्रांनी तिकिटं पळवू नयेत म्हणून रेल्वेनं अडीच कोटींहून जास्त खाती बंद केली आहेत. पण याचा परिणाम असा, की कारभारी सगळं काम करतो आणि शेवटच्या दाराशी येऊन मालकाला हाक मारतो. मालक अंघोळीला असतो. आकडे येतात आबांच्या जुन्या बटणाच्या फोनवर, कारण सिम आधारला जोडलं तेव्हा घरात तोच फोन होता. आबा असतात मळ्यात. मळ्यात रेंज असते फक्त विहिरीच्या काठावर. आबांनी चष्मा शोधून आकडे वाचेपर्यंत मुदत सरते आणि कारभारी नम्रपणे कळवतो, पुन्हा प्रयत्न करू या. नोकर कोण आणि मालक कोण, हे या क्षणी सांगणं अवघड आहे. त्यात बँक, पोलीस, रेडिओ, कॉलर ट्यून, सगळे एकमुखानं बजावतात की ओटीपी कोणालाही सांगू नका. आबा म्हणतात, हा तुमचा एजंट म्हणजे कोणी की कोणी नाही? प्रश्न अडाणीपणाचा नाही. कॅनडाच्या लवादाला यावर निकालपत्र लिहावं लागलं.

कामं अशी सुटी सुटी असतात तोवर ठीक, पण घर म्हणजे भाऊबंदकी, आणि भाऊबंदकीचं मोठं काम म्हणजे कानबाईचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट. सुरतेचे, नाशिकचे, पुण्याचे, जे जे घर सोडून गेले ते सगळे त्या दिवशी घरी यायचे. निरोप कोणाला आधी, कोणाला नंतर, कोणाला फोनवर चालतो, कोणाकडे सपत्नीक जाऊन सांगावं लागतं, आणि कोणाला मुद्दाम उशिरा सांगायचं म्हणजे येऊ नये पण बोलावलं नाही असंही म्हणू नये, हे सगळं शास्त्र घरातल्या एखाद्या जिजीच्या डोक्यात असतं, कुठं लिहिलेलं नसतं. एजंट हे काम तीन सेकंदांत उरकतो. थोरल्या घरापासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांना एकाच क्षणी एकच मजकूर, शेवटी गुलाबाचं फूल. थोरले नाना फोन बघतात, बाजूला धाकट्याचाही फोन वाजतो, आणि पन्नास वर्षांची ज्येष्ठता त्या टिंग-टिंगमध्ये बुडते. शिकवून ठेवला, नानांना दहा मिनिटं आधी पाठव, तर नाना म्हणतात, आम्हाला यंत्रानं बोलावलं. पूर्वी असा घोटाळा होतच नसे असं नाही, दर वर्षी होई. पण तेव्हा निरोप घेऊन एखादा पोऱ्या गेलेला असे, आणि घोटाळा झाला की सगळं घर एका सुरात म्हणे, पोरगंच वेंधळं, आम्ही तुमचंच नाव पहिलं सांगितलं होतं. पोरगं दोन दिवस तोंड लपवी, तिसऱ्या दिवशी नानाच त्याला बोलावून रोटाचा मोठा तुकडा देत. नानांचा मान राहिला, घराचा शब्द राहिला. एजंटनं पाठवलेल्या निरोपाखाली मात्र वेळ छापलेली असते, मिनिटासकट, आणि ती सगळ्यांच्या फोनमध्ये कायमची असते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो रागानं घेतला जातो. बोल लावता आला म्हणून काय बुडालेला पैसा परत आला? जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेल्यांना हे विचारून बघा. संचालकांची नावं, घरं, गाड्यांचे नंबर, सगळं माहीत होतं, बोल लावायला माणसं हवी तेवढी होती. माणूस मध्ये असला की तो खातो, आणि यंत्र निदान खात नाही. हे मला मान्य आहे, आणि जिथं मधल्या माणसाचं काम फक्त आपल्या अज्ञानावर जगणं एवढंच आहे, तिथं एजंट खुशाल बसवावा. कर्जाच्या कागदांतलं बारीक अक्षर वाचायला, विम्यातल्या अटी समजून घ्यायला, दोन अर्जांतला फरक सांगायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो तुम्हाला कळवतो ते ज्ञान पुढे कोणाच्या तोंडून बोलायचं? कृषी केंद्रवाला युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारतो. एजंट क्षणात सांगेल, असं लिंकिंग करता येत नाही, तक्रार अमुक ठिकाणी करा, मसुदा तयार आहे, पाठवू का? आणि त्या दुकानात आपली दिवाळीपर्यंतची उधारी असते. तो मसुदा पाठवायचा की बाटली घ्यायची, हा निर्णय यंत्रापाशी नाही, आणि ‘पाठवू का’ हे त्यानं तिसऱ्यांदा विचारल्यावर आपल्याच भित्रेपणाची नोंद ठेवणारा एक साक्षीदार खिशात बाळगल्यासारखं होतं.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. बोल घ्यायला माणूस हवा, हे तुमचं तत्त्वज्ञान सोयीचं कोणाला? घराघरांत हा माणूस नेमलेला आहेच आणि ती बाई आहे. हप्त्याची तारीख, सासऱ्यांची गोळी, नणंदेचा वाढदिवस, सिलिंडर कधी संपेल, डब्याची भाजी, पाहुण्यांची शेवभाजी, हे सगळं लक्षात ठेवणारी, आणि यातलं एक चुकलं की ‘तू आठवण का नाही केलीस’ हे ऐकणारी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं आलं, आणि जे पुरुष घरकाम करतात ते 88. 2019 मध्ये पुरुषांचा आकडा 97 होता. पाच वर्षांत नऊ मिनिटं कमी. बहुधा तेवढा वेळ एआयवरचे व्हिडिओ बघण्यात गेला असावा. तर या बाईच्या डोक्यातलं ओझं यंत्रानं घेतलं तर चांगलंच आहे, यावर माझं काहीएक म्हणणं नाही, उद्या घ्यावं. माझी शंका फक्त हिशेबाच्या शेवटच्या ओळीविषयी आहे. आठवण ठेवणं यंत्राकडे गेलं तर बोलही यंत्राकडे जाईल का? सासऱ्यांची गोळी चुकली तर घर म्हणेल का, की अरे एजंट चुकला? घर म्हणेल, तू तो मोबाइल चार्जिंगला का नाही लावलास. सवय जुनी आहे आणि तिला ॲप चालत नाही. म्हणजे बाईला पूर्वी घर सांभाळावं लागे, आता घर सांभाळणाऱ्याला सांभाळावं लागेल. हे होऊ द्यायचं नसेल तर एजंट पुरुषाच्या फोनमध्ये बसवावा, पुरुषाच्या नावानं, पुरुषाच्या जबाबदारीवर. ही सूचना मांडून बघा. घरात एआयविषयी एकदम किती तात्त्विक अडचणी निघतात ते कळेल.

तिसरा आक्षेप तरुणांचा. हे सगळं आजचं, दोन वर्षांत यंत्र सुधारेल. सुधारेल की. पण गणित बघा. एखाद्या कामाच्या दहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर यंत्र शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर आहे, तर दहाच्या दहा बरोबर येण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास उरते. प्रत्येक पायरी नव्याण्णववर नेली, तरी दहांतलं एक काम कुठंतरी अडखळणार. आणि गंमत अशी, की चुका जितक्या कमी, तितकी उरलेली चूक आपल्या माथी पक्की. दहांत चार कामं बिघडली तर यंत्र वाईट. हजारांत एक बिघडलं तर तुम्ही नीट सांगितलं नसणार. त्यातून हे यंत्र भांडत नाही, हा त्याचा मोठा दुर्गुण. ‘तू चुकलास’ म्हटलं, की तत्परतेनं ‘आपलं अगदी बरोबर आहे, माफ करा’. इतक्या लवकर मिळालेली माफी खानदेशात अपमान समजतात. भांडण म्हणजे समोरच्यानं आधी नाही म्हणावं, मग आवाज चढावा, मग मागची दोन-तीन प्रकरणं निघावीत, शेजारचे ओट्यावर यावेत, आणि कोणीतरी म्हणावं, जाऊ द्या ना भो. पंधरा मिनिटांनी माणूस हलका होतो. आणि पुढं, तसंच चुकीचं काम तो एजंट त्याच उत्साहानं पुन्हा करतो आणि पुन्हा तितकीच सुरेख माफी मागतो. सालदारानं असं केलं असतं तर त्याला बेरकी म्हटलं असतं.

मात्र बोल ही वस्तू नष्ट होत नाही, ती जागा शोधते, आणि पाचोऱ्यात तिला जागा सापडेलच. यंत्र चुकलं तर यंत्राला कोणी विचारत नाही. कंपनीनं तर पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत आधीच लिहून ठेवलेलं असतं की यात चुका होऊ शकतात, महत्त्वाचं असेल तर तपासून घ्या. या एका ओळीची किंमत सेवा केंद्रातल्या पोरालाच पुरती कळेल. मग उरतो तो, ज्यानं हे घरात आणून बसवलं. तो हिंजवडीत असतो. दिवाळीला आला तेव्हा दोन तास बसून त्यानं आईवडिलांच्या फोनमध्ये सगळं जोडून दिलं, आता तुम्हाला काही बघायला नको म्हणाला आणि रात्रीच्या गाडीनं गेला. तेव्हापासून बिल दोनदा भरलं गेलं तरी तो, भरलं नाही तरी तो, नानांचा रुसवा तो, चौदा टक्के ओलावाही तोच. ऐन मीटिंगमध्ये घरून फोन येतो, तुझ्या त्यानं आज काय केलं माहीत आहे का? हा दबक्या आवाजात सांगतो, बाबा, आधी सेटिंगमध्ये जा. बाबा सांगतात, आम्ही या वयात आता कुठंही जायचे नाही, तू ये.